आर्णीची स्विफ्ट पंचवीस मिलिमीटर खाली घेतली, त्याचा हिशेब

गाडी २०१४ ची डिझेल स्विफ्ट, मीटरवर १ लाख १२ हजार किलोमीटर. मालक सत्तावीस वर्षांचा, आर्णी तालुक्यातल्या एका गावचा, आर्णीत कृषी सेवा केंद्र चालवतो. गाव ते आर्णी अकरा किलोमीटर रोज जाऊन-येऊन, आठवड्यातून तीन-चारदा यवतमाळ. डिकीत कधी बियाण्याची खोकी, कधी डीएपी खताची पोती. घरची गाडीही हीच, म्हणून बाजार, दवाखाना, लग्नकार्य सगळं तिच्यावरच.

मी यवतमाळात अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचं काम करतो. जानेवारी २०२४ मध्ये तो दुकानात आला आणि टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत हात घालून म्हणाला, "हे पाहा भाऊ, चार बोटं बसतात. लय खटकते मले. कॉइलओव्हर टाकून द्या. पन्नास हजार आणले हायेत." कॉइलओव्हर म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच.

त्याची दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटली. यवतमाळ रोडवर, म्हणजे काँक्रीटच्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर, ऐंशी-नव्वदला गाडी तरंगल्यासारखी वाटते आणि ट्रकला ओव्हरटेक करताना लोळते, असं तो म्हणत होता. गाडी लिफ्टवर घेतली तर पुढचे दोन्ही शॉकअप तेलाने ओले, मागच्यांत जीव नाही. बोनेट दाबून सोडलं की गाडी अडीच-तीन झोके खायची. मी सरळ सांगितलं की लोळणं हे उंचीमुळे नाही, मेलेल्या शॉकअपमुळे आहे. चारही नवे ओरिजिनल शॉकअप आणि माउंटिंग सोळा-सतरा हजारांत होतील आणि अर्धी तक्रार तिथेच संपेल.

त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अर्धी ना भाऊ. बाकीची अर्धी?"

बाकीची अर्धी म्हणजे ती चार बोटं. मी तिला हसलो नाही. माणूस कष्टाच्या पैशातून गाडी घेतो, रोज तिच्याकडे बघतो, ती डोळ्याला बरी दिसावी असं त्याला वाटतं. यात चुकीचं काही नाही. मी एवढीच अट घातली की किट निवडण्याआधी त्याचा रस्ता मोजायचा. गाडी किती खाली आली हे सगळे सांगतात. खाली आल्यावर चाकाला वर जायला जागा किती उरली, हे कोणी सांगत नाही, आणि आमच्या भागात गाडीचं बरंवाईट त्या उरलेल्या जागेवरच ठरतं.

आधी कायद्याचं बोललो, कारण ते पैसे भरल्यावर सांगण्यात अर्थ नसतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ (४) मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. विम्याचं वेगळंच. न सांगता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येतो. म्हणून त्याला दोन गोष्टी करायला लावल्या: विमा कंपनीला लेखी कळवायचं आणि जुनं सस्पेन्शन एक बोल्टही न हरवता घरी ठेवायचं. ही दुसरी गोष्ट पुढे वेगळ्याच कारणाने उपयोगी पडली.

रस्ता मोजला तो असा

त्याचे रस्ते तीन. महामार्गाचं काँक्रीट सपाट आहे, जोडावर टकटक तेवढी. शेतात जायची पांदण मी पहिल्याच दिवशी यादीतून काढून टाकली. पांदणीत ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. खाली घेतलेल्या गाडीने तिथे जायचं नाही, मोटरसायकल न्यायची. तो लगेच कबूल झाला.

खरा प्रश्न गावच्या अकरा किलोमीटरचा. तो रस्ता काळ्या मातीवर आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून आकसते. एप्रिल-मेमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरून डांबर टाकलं तरी खालची जमीन दरवर्षी वर-खाली होतच राहते आणि दोन-चार वर्षांत सडक लाटांसारखी होते. खड्डा लांबून दिसतो. लाट दिसत नाही, बुडाखाली कळते. मी आणि तो टेप घेऊन चाललो. सगळ्यात वाईट पट्ट्यात एका लाटेच्या माथ्यापासून दुसरीचा माथा आठ ते नऊ मीटरवर होता. तो आकडा वहीत लिहिला, पण त्याचं काय करायचं हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. ती चूक माझी, पुढे येते.

मग ब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार असतो. स्विफ्टची पुढची-मागची चाकं २.४३ मीटर अंतरावर आहेत, म्हणजे गतिरोधक या अंतरापेक्षा लांब. गाडी त्यावर चढते तेव्हा चारही चाकं वरच असतात आणि पोटाखाली फक्त कमानीचा फुगवटा येतो. अंतराचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या, असा हिशेब केला तर तो ४३ मिलिमीटर निघतो. मापाचा ब्रेकर असेल तर बरीच खाली घेतलेली गाडीही सुखाने जाते. त्याच्या गावात शाळेसमोर गावकऱ्यांनी स्वतः सिमेंट ओतून बांधलेला ब्रेकर आहे. दोन बाजूंना विटा ठेवून, आडवी दोरी ताणून मोजला: उंची १४ सेंटिमीटर, रुंदी ७०. तो पुढच्या चाकांखालून निघाला की दोन चाकांच्या मधे अख्खा येतो. पोटाखाली १४० मिलिमीटर लागतात, वर गाडी हलण्याची जागा वेगळी.

गाडीखाली सगळ्यात खालची जागा रिकामी असताना १६८ मिलिमीटरवर होती. पाच माणसं बसवली तर १२५. म्हणजे मूळ उंचीवरही भरलेली गाडी तिथे घासतच होती. त्याची आई त्या ब्रेकरपाशी उतरून चालत पलीकडे जाते आणि पुन्हा बसते, हे त्याने तेव्हा सांगितलं. घरच्यांना त्याची इतकी सवय झाली होती की आधी सांगायचं त्याला सुचलंच नाही.

त्यानंतर आर्णीच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर गाडी नेली. पुढची चाकं काट्यावर, मग सगळी गाडी, मग फक्त मागची. रिकामी गाडी पुढे ६८०, मागे ४००, एकूण १०८० किलो. पाच माणसांसह पुढे ८००, मागे ६२०. हे काम वीस मिनिटांचं आहे आणि कोणत्याही तालुक्यात होतं. स्प्रिंग निवडायला निघालेल्या माणसाने गाडीचं वजन केलेलंच नसतं, हे मला दरवेळी नवल वाटतं.

शेवटचं माप सगळ्यात मोलाचं. पुढच्या शॉकअपचं रबरी बूट वर सरकवून दांड्यावर केबल टाय घट्ट बांधला आणि खाली सरकवून ठेवला. शॉकअप जेवढा दबेल तेवढा टाय वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. त्याला म्हटलं, नेहमीच्या चालीने घरी जा, सकाळी ये. दुसऱ्या दिवशी टाय ६८ मिलिमीटर वर होता. मूळ मऊ स्प्रिंगवर, एकटा माणूस बसून, त्याचा रस्ता त्याच्या गाडीकडून ६८ मिलिमीटर मागत होता.

काय घ्यायचं नाही

स्प्रिंग ग्राइंडरने कापून देणारे यवतमाळातही आहेत. कापलेल्या स्प्रिंगचं टोक वाटीत नीट बसत नाही, चाक खड्ड्यात लटकलं की स्प्रिंग सैल होऊन फिरते. यावर याहून जास्त लिहायची गरज नाही. करू नका.

जुन्या शॉकअपवर आटेवाली नळी चढवून आखूड स्प्रिंग बसवायचा स्वस्त प्रकारही त्याने मोबाइलवर दाखवला. किंमत बघून मन होतं. पण शॉकअप मूळ लांबीचाच राहतो. गाडी चाळीस मिलिमीटर खाली आणली म्हणजे त्याच्या दबण्याच्या जागेतले चाळीस मिलिमीटर खाल्ले. वर स्प्रिंग दुप्पट कडक, आणि तिला आवरणारा शॉकअप जुन्या मऊ स्प्रिंगच्या हिशेबाने बनवलेला.

माझा स्वतःचा कौल चांगल्या लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणाऱ्या तयार आखूड स्प्रिंग) आणि नव्या शॉकअपला होता. पंचवीस मिलिमीटरसाठी तेवढं पुरतं आणि खर्च निम्मा. त्याने कॉइलओव्हरच धरलं, आणि त्याचं कारण मला पटलं. पावसाळ्यात गावच्या रपट्यावरून जाताना गाडी वर करता यावी आणि दिवाळीनंतर खाली, असं त्याला हवं होतं.

कॉइलओव्हरमध्येही दोन जाती आहेत. एकीत फक्त स्प्रिंगची खालची वाटी आट्यांवर फिरते. वाटी खाली केली की गाडी खाली येते आणि दबण्याची जागाही तेवढीच कमी होते. दुसरीत शॉकअपचा खालचा पाय, जो नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, बोल्टने धरतो, तोच आट्यांवर वर-खाली होतो. गाडी खाली आली तरी शॉकअपच्या आतली चाल तशीच राहते. खराब रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला दुसरी जातच घ्यावी, आणि आता ती स्वस्त किटमध्येही मिळते. मागे मात्र स्विफ्टला स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. त्यामुळे किटवर काहीही लिहिलेलं असलं तरी मागे उंची बदलणारी वाटी स्प्रिंगखाली येते आणि शॉकअपची लांबी वेगळी जुळवावी लागते.

विकणाऱ्याला फोन लावला. शॉकअपची चाल किती, असं विचारलं की तो सांगायचा, "सर, बत्तीस क्लिक आहेत." क्लिक म्हणजे शॉकअप कडक-मऊ करायचे टप्पे, चाल नव्हे. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा बत्तीस क्लिक. शेवटी म्हटलं, पुढचा शॉकअप पूर्ण उघडून एक फोटो टेपसकट पाठवा, पूर्ण दाबून दुसरा. दोन्ही लांब्यांची वजाबाकी म्हणजे चाल. १२५ मिलिमीटर निघाली. बंप स्टॉप, म्हणजे शॉकअप पूर्ण दबताना आडवा येणारा रबरी ठोकळा, ४० मिलिमीटरचा, तो दबून निम्मा होतो, म्हणून कामाची चाल १०५. हे दोन फोटो मागून घ्यायला पैसे लागत नाहीत, आणि जो पाठवत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

सहा, चार की तीन

किटसोबत पुढे ६ किलोची स्प्रिंग येत होती. ६ किलो म्हणजे एक मिलिमीटर दाबायला सहा किलो वजन लागतं. गाडीचं वजन माहीत असल्याने पुढचं गणित सोपं होतं. पुढच्या एका चाकावर ३४० किलो. त्यातून चाक, डिस्क, नकल यांचं वजन वजा केलं की स्प्रिंगवर साधारण ३०० उरतात. पुढच्या स्ट्रटमध्ये, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र जोडात, चाक जेवढं हलतं जवळपास तेवढीच स्प्रिंग दबते, म्हणून हा आकडा थेट वापरता येतो. मागे तसं नाही. स्प्रिंग चाकाच्या रेषेत नसते, म्हणून ४ किलोची मागची स्प्रिंग चाकापाशी तीनच्या आसपास भरते.

३०० किलोखाली ६ ची स्प्रिंग ५० मिलिमीटर दबते, ४ ची ७५, ३ ची १००. शॉकअपची कामाची चाल १०५. म्हणजे ४ ची स्प्रिंग तशीच बसवली तर वर जायला ३० मिलिमीटर उरतात, आणि ३ ची बसवली तर गाडी जवळजवळ बंप स्टॉपवर उभी. इथे प्रिलोड येतो. स्प्रिंग बसवतानाच २० मिलिमीटर आवळून ठेवली तर गाडी ५५ वर उभी राहते आणि वर ५० उरतात. प्रिलोडने स्प्रिंग कडक होते असं सगळीकडे ऐकू येतं, पण साध्या सरळ स्प्रिंगच्या बाबतीत ते खरं नाही. चार किलोची स्प्रिंग चार किलोचीच राहते. बदलते ती शॉकअपच्या आत गाडी कुठे उभी राहते ती जागा.

आता गरज किती? मूळ पुढची स्प्रिंग चाकापाशी साधारण २.२ किलोची निघाली. पाच माणसांनी पुढच्या चाकावर ६० किलो वाढले तेव्हा गाडी २७ मिलिमीटर बसली, त्यावरून काढली. तिला ६८ मिलिमीटर लागत होते. तोच धक्का गिळायला कडक स्प्रिंगला कमी जागा लागते, पण सरळ प्रमाणात नाही, वर्गमुळाच्या प्रमाणात. ४ किलोला ५० मिलिमीटर, ६ ला ४१, ३ ला ५८. हे ढोबळ गणित आहे, शॉकअप स्वतः किती धक्का खातो ते यात नाही, पण दिशा कळते. ३ किलोला ५८ हवेत आणि प्रिलोड ४५ पर्यंत नेऊनही मिळतात ५०. ४ किलोचं जेमतेम बसतं. ६ किलोचं आरामात बसतं, पण सहाच्या स्प्रिंगवर हाडं खिळखिळी होतात. त्याच्या आईला कमरेचा त्रास आहे, म्हणून सहा बाद. पुढे ४, मागे ४ ठरलं.

किट ४८ हजार, पुढच्या स्प्रिंग बदलून घ्यायला ४ हजार, नवी माउंटिंग, आखूड लिंक रॉड, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून साडेनऊ. एकूण ६१,५००. पन्नासच्या वर साडेअकरा हजार गेले, आणि हे वरचे पैसे जवळजवळ प्रत्येक स्वस्त किटमध्ये लागतातच.

बसवलं तेव्हा आणि नंतर

फेब्रुवारीत बसवलं. पुढे चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत ३७५ मिलिमीटर होतं, ते ३५० करायचं होतं. भरलं ३५६. पाय फिरवून आणखी खाली घेणार तेवढ्यात लक्षात आलं की लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, बुशचे बोल्ट मी चाकं लटकलेली असतानाच आवळले होते. बुशचं रबर धातूला चिकटवलेलं असतं. लटकलेल्या जागी आवळलं की गाडी खाली आल्यावर ते पिळलं जातं, गाडीला वर धरून ठेवतं आणि लवकर फाटतं. बोल्ट ढिले केले, गाडी चाकांवर उभी करून दोनदा हलवली, पुन्हा आवळले. सहा मिलिमीटर आपोआप उतरली. खाली घेतलेल्या गाडीचे बुश वर्षात गेले अशी तक्रार येते तेव्हा मी आता हेच आधी तपासतो.

टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते, बाहेर गेला होता, तो जागेवर आणला. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिलं तर चाकाचा कल, डावीकडे उणे ०.९ अंश, उजवीकडे उणे १.२. स्ट्रटच्या बोल्टमधल्या जागेत दोन्ही उणे एकला जुळवले. टायर आतून खातात म्हणून सगळे कॅम्बरला दोष देतात. माझ्या दुकानात आलेल्या बहुतेक टायरांचा जीव बिघडलेल्या टोने घेतला होता. मागे लिफ्टवर चाकं पूर्ण लटकवून बघितलं की स्प्रिंग सैल होत नाही ना. ज्या गाड्यांना मागच्या ब्रेकसाठी वजन ओळखणारा व्हॉल्व्ह असतो, त्यांत मागची उंची कमी केली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी भरलेली आहे, तो मागे जास्त प्रेशर सोडतो आणि मागची चाकं आधी लॉक होतात. या गाडीला एबीएस होतं, तो प्रश्न नव्हता. जुन्या गाडीवाल्यांनी मात्र हे आधी बघून घ्यावं.

आठवड्याने फोन. "भाऊ, हायवेवर एकदम मस्त. पण गावच्या रोडवर पन्नास-साठच्या मधात गाडी घोड्यावानी नाचते."

तेव्हा मला वहीतला तो आठ-नऊ मीटरचा आकडा आठवला. स्प्रिंगवर ठेवलेल्या वजनाचा स्वतःचा एक झोका असतो, पाळण्यासारखा. मूळ गाडीचं पुढचं टोक सेकंदाला १.३५ झोके खायचं. ४ किलोच्या स्प्रिंगवर ते १.८ झालं. साडेआठ मीटरच्या लाटांवरून ताशी ५५ ने गेलं तर सेकंदाला १.८ लाटा चाकाखालून जातात. पाळणा जेव्हा वर येतो नेमक्या तेव्हाच कोणी त्याला ढकलावं, तसं मी त्याच्या रोजच्या चालीला आणून ठेवलं होतं. जुन्या स्प्रिंगवर हीच गोष्ट चाळीसला होत असणार, पण त्या पट्ट्यात चाळीसला तो कधी चालवतच नव्हता. माप हातात होतं, मी ते गणितात घेतलं नाही.

स्प्रिंग बदलून उपयोग नव्हता, कारण मऊ घ्यायला चाल पुरत नाही आणि कडक घ्यायला आईची कंबर आडवी. उरला शॉकअप. ते बत्तीस क्लिक इथे कामाला आले, हे मान्य करायला हवं. पुढे १० वर होते ते १८ केले, नाच थांबला, पण बारीक गिट्टीवर स्टिअरिंग थरथरायला लागलं. दोन संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून एकेक क्लिक फिरवत पुढे १६, मागे १२ वर आलो. नाच पूर्ण गेला नाही, दोनाऐवजी एका झोक्यात गाडी थांबते. तो त्या पट्ट्यात आता पंचेचाळीसने जातो. केबल टाय पुन्हा बांधला होता: ४६ मिलिमीटर. पन्नासपैकी चार उरले.

मला सगळ्यात समाधान देणारं माप दुसरं आहे. पाच माणसं बसवून पोटाखाली मोजलं तर ११८. रिकामी गाडी २५ ने खाली, पण भरलेली गाडी मूळ भरलेल्या गाडीपेक्षा फक्त ७ ने खाली, कारण मागच्या नव्या स्प्रिंग पूर्वी साठ मिलिमीटर बसायच्या तिथे आता छत्तीसच बसतात. जूनमध्ये डिकीत डीएपीची चार पोती, म्हणजे दोनशे किलो टाकून तो आर्णीहून गावी गेला आणि मागचा बंपर कुठेच टेकला नाही.

त्याच जूनमध्ये, पेरणीच्या आधी, ठरल्याप्रमाणे गाडी १० मिलिमीटर वर केली. चार महिन्यांतच आट्यांत धूळ आणि चिखल घट्ट बसला होता. डिझेल, वायर ब्रश, मग ग्रीस, आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची बाही चढवून दोन्हीकडून टाय बांधले. ही बाही पहिल्याच दिवशी चढवायला हवी. उंची बदलली की टो बदलतो, म्हणून अलाइनमेंट पुन्हा. मिळून अर्धा दिवस आणि बाराशे रुपये.

नोव्हेंबरमध्ये पुढच्या डाव्या शॉकअपच्या सीलमधून तेल आलं. चौदा हजार किलोमीटर झाले होते. वॉरंटीत घेतला, पण परत यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत जुने पुढचे दोन्ही स्ट्रट बसवून दिले, दोन्हींचं गळणं तसंच ठेवून, सत्तरच्या वर जायचं नाही या अटीवर. जुने सांभाळून ठेवले नसते तर कापूस वेचणीच्या ऐन हंगामात गाडी महिनाभर विटांवर उभी राहिली असती. स्वस्त किटचा खरा खर्च हा आहे, आणि तो किमतीच्या चिठ्ठीवर नसतो. टायर मात्र छान राहिले. बारा हजार किलोमीटरला आतल्या आणि बाहेरच्या कडेत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी फरक.

दिवाळीनंतर गाडी पुन्हा खाली करायला येतो म्हणाला होता. शॉकअप परत आल्यावर विचारलं, तर म्हणाला, "राहू द्या भाऊ, जमून गेली." होळीनंतर अलाइनमेंट तपासायला आला तेव्हा पुढे ३६० मिलिमीटर होतं, जूनमध्ये ठेवलं तेवढंच. मूळ उंचीपेक्षा पंधरा खाली. टायरवर आता तीन बोटं बसतात आणि त्याला ती चालतात. पाच माणसं बसवून मी पोटाखाली पुन्हा टेप धरला: १२८, कारखान्यातून आलेल्या गाडीपेक्षा तीन मिलिमीटर जास्त.

शाळेसमोरच्या १४० च्या ब्रेकरवर आई अजूनही उतरते. त्याने ३.७ मीटर रुंदीचं ते माप माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि ब्रेकर तसा बांधून द्या असा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे.